मागच्या पानांवरची उत्तरं

१२ जून

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघा वाकत नाही. बाकी ठीक. आईचं पथ्य सांभाळते आहे, ती तुझी आठवण काढते. शिकवणीला यंदा बावीस मुलं आहेत, मागच्या खोलीत मावत नाहीत म्हणून काही जिन्यावर बसतात.

तुझं पत्र मिळालं. चार पानी! एवढं लांब तू मला लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिलंस. तुझ्या नव्या व्याकरणाच्या पुस्तकातली चाळीस उत्तरं चुकली, पालक शाळेत येऊन ओरडून गेले, मुख्याध्यापिकेची खुर्ची हातची जाणार. वाचून वाईट वाटलं, असं लिहिणार होते. नाही वाटलं.

तुला माझी पद्धत ठाऊक नव्हती, हे खरं. 'एन्जॉय'पुढे 'आयएनजी' आणि 'डिसाइड'पुढे 'टू', हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून अठरा वर्षं मी त्यांच्याच चुकांमधून वाक्यं एका वहीत गोळा केली. ती वही टेबलावरच असायची. मी पाणी प्यायला आत गेले की कार्टी मागची पानं उघडून उत्तरं उतरवायची. म्हणून तिथे मी मुद्दाम चाळीस उत्तरं चुकीची लिहून ठेवली. 'एन्जॉय टू स्विम' लिहिलं की चोर सापडला!

तू तर इंग्रजीची बाई. नुसती नजर टाकली असतीस तरी ते डोळ्यांत खुपलं असतं. पण आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ तपासायची गरज कुठे पडते?

आता तुला वाटेल, टाइप करताना ती उत्तरं बदलायची माझ्याकडून राहून गेली. आईलाही मी तसंच सांगितलंय.

राहून नाही गेली, ताई. "पुस्तक दोघींचं, नावं दोन," म्हणत तू वही नेलीस आणि टाइप करायला परत माझ्याकडेच पाठवलीस. रोज शिकवणी संपली की मी बसायचे. शेवटची उत्तरं तेवढी राहिली होती, तेव्हा मुखपृष्ठ आलं. नाव एकच. फोन केला तर म्हणालीस, "अगं, दोन नावांची गर्दी होते. आणि तुला कोण ओळखतं?"

मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि ती चाळीसच्या चाळीस जशीच्या तशी टाइप केली. हात जराही अडखळला नाही. चहासुद्धा त्या दिवशी छान झाला होता.

मुलांचं नुकसान झालं, म्हणतेस. तेवढं मात्र मला लागलं. त्यांनी कुणाचं काय चोरलं होतं? म्हणून दुरुस्ती पाठवते आहे. पाचशे प्रती, पाचशे चिठ्ठ्या, छापूनच आणल्या. उत्तरं तपासून घे, निदान या वेळी तरी. वर मथळा आहे, 'मूळ लेखिकेकडून दुरुस्ती', आणि खाली माझं नाव, आडनावासकट, ठळक अक्षरांत.

ते नाव कापून टाकायच्या भानगडीत पडू नकोस. सोमवारच्या पालकसभेआधी प्रत्येक पालकाला अशीच एकेक वेगळी चिठ्ठी पोस्टाने पोचेल. पत्त्यांची यादीही तू माझ्याकडूनच टाइप करून घेतली होतीस. कालच टाकल्या.

सोबत डिंकाची बाटली आहे. आभाराच्या पानावर चिकटव, तिथे जागा भरपूर आहे. माझ्या वाट्याला तू तिथे एवढीच ओळ ठेवलीस, 'टंकलेखन साहाय्य : धाकटी बहीण'.

आईला काय सांगायचं ते तू ये आणि तूच सांग.

तुझी,
टंकलेखन साहाय्य