पुढच्या डाव्या चाकाची गाठ

एम्प्रेसो, २३ एप्रिल

चि. ओफोसु यास, अ. आ. वि. वि.

आशीर्वाद तुझ्या वयाला दिलाय, वागण्याला नाही. कंपनीच्या गॅरेजातल्या त्या टायवाल्या पोराने फोन करून सांगितलं की ब्रेक बिरागोने जाळले, नि तू मान डोलावलीस. एकदा तरी उलटून विचारायचं होतंस, की बाबा रे, कशावरून. सख्खी भाची तुझी. मी तुला फोन केला तर दोन वाक्यांत मीटिंग आहे म्हणून ठेवलास. कागदाला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे पाठवतेय. माझं अक्षर कसं आहे ते मला माहीत आहे. वाचायचं.

झालं ते माझ्याकडून ऐक. इस्टर करून तुम्ही गेलात नि लगेचच्या बाजाराला बिरागो अंडी घेऊन घाट उतरत होती, एन्कॉकॉला. वळणावर ब्रेक दाबला तर पिकअप उजवीकडे ओढली गेली. उजवीकडे काय आहे ते तुला सांगायला नको, लहानपणी आपण तिथून दगड टाकून तो दरीत पडल्याचा आवाज ऐकत बसायचो. पोरीने गिअर खाली घेतला, स्टिअरिंग डावीकडे मारलं नि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. घरी आली ती अंड्यांच्या बलकाने माखलेली. किती अंडी फुटली ते आधी सांगितलं नि स्वतःचं काय झालं ते नंतर. त्या दिवशी जेवली नाही.

मग ट्रकला बांधून पिकअप कोफोरिदुआला कंपनीत नेली, कारण तुझा हुकूम, की नवी गाडी आहे, वॉरंटी आहे, बाहेरच्या माणसाचा हात लागता कामा नये. गाडी ठेवून घेतली. आम्ही गेलो तेव्हा थंडगार खोलीत बसवलं, पाणी दिलं नि भलीमोठी यादी दिली. चारही चाकांच्या डिस्क, चारही पॅड, ब्रेकचा मुख्य सिलिंडर, वर कसलासा कॉम्प्युटरचा डबा. मी विचारलं, यातलं बिघडलंय काय. तो म्हणाला, मॅडम, ही सगळी एकच व्यवस्था असते. मी म्हटलं, माझ्या खुराड्यात एक कोंबडी आजारी पडली तर मी सगळं खुराडं कापत नाही. तो हसला. त्यांनी मागितलेल्या पैशात माझ्या सगळ्या कोंबड्या दोनदा विकत येतील.

पण मला लागलं ते वेगळंच. कागदाच्या तळाला इंग्रजीत एक ओळ होती. बिरागोने वाचली नि कागद उलटा करून ठेवला. दोनदा विचारल्यावर तिने सांगितलं. चालकाने गाडी चुकीची वापरल्यामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही. ती ओळ माझ्या पोरीच्या नावावर आहे. मी सही केली नाही. गाडी तशीच बांधून परत आणली. अंगणात उभी आहे, पास्टर डान्सोने इस्टरला प्रार्थना करून चाकांना बांधलेल्या फिती चिखलाने काळ्या झाल्यात, मांडवातून पळालेल्या नवरदेवासारखी दिसते.

आणि हे काय ऐकते मी, की पिकअप तुझ्या बायकोच्या, कम्फर्टच्या भावाला, एबोला देणार? कम्फर्ट गुणाची आहे, तिचा राग नाही. पण एबो आपला कोण लागतो? आपल्यात पोर आईच्या रक्ताची नि मामा तिचा वाली. हे मी तुला शिकवायचं?

कंपनीत स्वतः जा नि विचार. घरी सगळ्यांना मी आठवण काढल्याचं सांग.

तुझी बहीण,
आम्पोमा


अक्रा, २८ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. ड्रायव्हरने ते बँकेच्या काउंटरवर आणून दिले आणि तू तोंडी सांगितलेला निरोपही सर्वांसमोर म्हणून दाखवला. यापुढे पत्र पाकिटातच पुरे, अशी नम्र विनंती.

मी कंपनीत जाऊन आलो. इंजिनिअर सभ्य माणूस आहे. चारही चाके काढून तपासणी केली असे त्याने मला लेखी दिले आहे. त्याचे म्हणणे असे, की बिरागो अंडी सांभाळण्यासाठी घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरते. त्याने ब्रेक तापतात आणि जळतात. ती निष्काळजी आहे असे तो म्हणत नाही, उलट फार काळजी घेते म्हणूनच हे झाले. ताई, मुलगी माझीही आहे. उद्या घाटात तिला काही झाले तर मी तुला काय तोंड दाखवू?

म्हणून ठरवले आहे. मी कर्ज काढून सगळे काम कंपनीतच करून घेतो आणि गाडी एबोकडे देतो. तो तेमाच्या बंदरावर कित्येक वर्षे ट्रक चालवतो. तुझी अंडी तोच खाली नेईल. बिरागोने इथे येऊन राहावे, टायपिंग शिकावे. कम्फर्टलाही घरात मदत होईल.

गावाहून पास्टर डान्सोंचा फोन आला होता. गाडी दुरुस्त होऊन आली की पुन्हा प्रार्थना करू म्हणतात. तुझा गुडघा कसा आहे? मलम पाठवतो आहे.

राग नसावा. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझा,
ओफोसु


एम्प्रेसो, ४ मे

चि. ओफोसु यास, अ. आ.

मलम मिळालं. गुडघा बरा आहे, डोकं तापलंय.

चारही चाकं काढली असं त्याने लिहून दिलं ना? बरं झालं लिहून दिलं. तो कागद फाडू नकोस. आता इस्टरच्या सोमवारी अंगणात काय झालं ते आठव. पास्टरने चारही चाकांना पांढऱ्या फिती बांधल्या. नटांभोवती आतबाहेर गुंडाळून, वर त्याची ती तीन पदरांची गाठ मारून, गाठीवर मेणबत्तीचं मेण टाकलं. तूच फोटो काढत होतास. ती फीत सोडल्याशिवाय नटाला पाना लागत नाही. कंपनीतून गाडी परत आली तेव्हा चारही गाठी जशाच्या तशा, मेणासकट. मी नखाने खरवडून पाहिलं. मग चाकं काढली कुणी, देवदूतांनी? गाडी नुसती उभी ठेवली, नि माझ्या पोरीच्या नावावर पाप लिहिलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं, वॉरंटी गेली खड्ड्यात. एन्कॉकॉहून नुहू मेकॅनिकला वर बोलावलं. तो काही संत नाही, भाव करताना माझ्याकडून दोन कोंबड्या जास्तीच्या काढल्या. पण चाक काढलं. म्हणजे आधी बिरागोने फीत कापली, मग काढलं.

पुढचं उजवं चाक कोरडं, ठीक. डावं उघडलं नि मला वास आला. केळी तळायच्या कढईत कालचं तेल पुन्हा तापवलं की येतो ना, तसला. पॅड चमकत होता, बोट लावलं तर ओशट. नुहूला आधी वाटलं ब्रेकचं तेल गळतंय. डबी उघडली तर भरलेली. मग म्हणाला, आतलं ग्रीस असेल. ते काळं असतं, हे पिवळं होतं. त्याला उमगेना. मी नि बिरागोने एकमेकींकडे पाहिलं.

इस्टरला आशीर्वाद देताना पास्टरने प्रत्येक चाकावर तेल थेंब थेंब टाकलं होतं. पण पुढच्या डाव्या चाकाशी थांबून म्हणाला, चालवणारी याच बाजूला बसते, रक्षण आधी तिचं, नि उरलेली सगळी बाटली चाकाच्या भोकातून आत रिकामी केली. जैतुनाचं तेल, मोठी बाटली. अक्राहून ती कोण घेऊन आलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

पॅडला तेल लागलं की तो चाक धरत नाही. डावं धरत नाही, उजवं धरतं, गाडी उजवीकडे जाते. यात कॉम्प्युटर कुठे आला? नि पायाने दाबून जळले असते तर दोन्ही बाजूंचे जळले असते. तुझ्या सभ्य इंजिनिअरला हे विचार. शिवाय पोर दुसऱ्या गिअरमध्ये उतरते, मी शेजारी बसलेली असते, इंजिनाच्या रडण्याने माझे कान किटतात.

नुहूने डिस्क धुतली, पुढचे दोन्ही पॅड नवे घातले. शुक्रवारी मी, बिरागो नि अंडी घाट उतरलो. गाडी सरळ उतरली. माझे डोळे मिटलेले होते ते सोड.

टायपिंगचं नाव काढलंस ते वाचून पोर हसली. मला हसू आलं नाही. कम्फर्टला मदत हवी असेल तर तिच्या भावाला टायपिंग शिकव.

आम्पोमा


अक्रा, ८ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. फितींचे मी इंजिनिअरला विचारले. तो म्हणाला, कामगारांनी काढून पुन्हा बांधल्या असतील. तेलाचे मात्र मी त्याला सांगितलेले नाही, आणि तूही कुठे बोलू नकोस. तेल आपण घातले म्हटले की वॉरंटीचा प्रश्नच मिटतो. शिवाय गावच्या चर्चच्या मंडळीत मी वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसतो. पास्टरच्या आशीर्वादाने गाडी दरीत जाणार होती, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? विषय इथेच संपवू. एबोला शब्द दिला आहे. तो शनिवारी किल्ली घ्यायला येईल. त्याला नीट जेवू घाल.

तुझा,
ओफोसु


एम्प्रेसो, ११ मे

चि. ओफोसु यास,

या खेपेला आशीर्वाद मागे ठेवलाय. उत्तर आलं की मिळेल.

म्हणजे तुला ठाऊक आहे. पहिल्या पत्रात तू चुकलास ते मी समजले, लांब होतास, साहेब इंग्रजीत बोलला. आता तुला सगळं ठाऊक आहे, तरी दोष पोरीच्याच माथी ठेवतोस, कारण तुझा बाक हलतो. बाक लाकडाचा आहे, ओफोसु.

माझा देवावर राग नाही. पास्टरवरही नाही, त्याने तिचं भलंच चिंतलं. त्याला मी काल सांगितलं, तुला विचारलं नाही. म्हटलं, तेल बॉनेटवर घाला, पोरीच्या डोक्यावर घाला, माझ्या डोक्यावर घाला, चाकात नको. त्याने वाकून चाकाच्या भोकात बोट घातलं. मग म्हणाला की मंडळीतल्या आणखी तीन गाड्यांना तसंच घातलंय, नि चपला घालून त्या घरांकडे निघाला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. लाज त्याची असून तो चालत गेला. तू बसून आहेस.

वॉरंटीचा पैसा मला नकोय. तेल आपलं, पॅडचे पैसे आपले, ते मी दिलेत. पण न उघडलेलं चाक उघडलं असं ज्याने लिहिलं, त्याने ती खालची ओळ खोडायची नि सही करायची. बिरागोने ब्रेक जाळले असं बसस्टँडवर सगळ्यांना कळलंय. जी पोर दरीच्या तोंडातून गाडी परत आणते तिला बाजारात बाप्ये विचारतात, काय गं, आज कुठल्या झाडावर गाडी घालणार. परवा तिने मला विचारलं, आई, मी खरंच दाबत होते का. स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला तर ती त्या घाटात मरेल, तेलाने नाही.

पाकिटात एक फीत आहे, मागच्या चाकाची. कापलेली आहे, गाठ सोडलेली नाही. कंपनीत घेऊन जा, तेलाची गोष्ट आपल्या तोंडाने सांग, मग फीत त्या सभ्य माणसापुढे ठेव. म्हणावं, तुझ्या कामगारांना अशी गाठ परत बांधून दाखवायला सांग, मेणासकट. पास्टर स्वतः म्हणतो की ती त्याला त्याच्या आजोबांनी शिकवली नि त्याच्या मुलांनाही येत नाही.

एबो येऊ दे. पाम-फळांचं सार करीन, सोबत फुफूचे गोळे करीन, बकरीचं मटण घालीन. पोटभर जेवेल नि आला तसा बसने जाईल. किल्ली माझ्या कमरेला आहे. गाडीचे कागद तुझ्या नावावर आहेत, पोलीस घेऊन आलास तर देईन. पण मग पोलिसांसमोर मी पहिल्यापासून सांगेन, इस्टरच्या सोमवारपासून, नि बाटली कुणी आणली तेही गाळणार नाही.

गुरुवारची संध्याकाळची बस तुझ्या बँकेवरूनच निघते. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, तुझं पाकीट घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, नि लोक ओरडले तर का थांबलोय ते सांगायचं. लांबलचक नको. किल्ली भाचीची की मेव्हण्याची, एवढंच लिही. गुरुवारपर्यंत.

वाट बघत,
तुझी बहीण
आम्पोमा