झिजलेली चोच

१२ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे.

तुझा नवरा तान्हा होता तेव्हा सकाळी मी पाणी तापवायचे, केर काढायचे, मागच्या दारी दुपटी धुवायला बसायचे. तुझे सासरे गायीचं दूध दोन भांड्यांत वरखाली ओतून निववायचे आणि त्याला मांडीवर घेऊन बोंडल्याच्या चोचीने पाजायचे. ते दिसू नये म्हणून मी धुतलेली दुपटी पुन्हा धुवायचे.

हे आज आठवायचं कारण, परवा तुझं पत्र आलं. ‘आई, इतक्यात येऊ नका.’ का, ते लिहिलं नाहीस. पण फोनवर चिरंजिवांच्या पोटात काही राहत नाही. बाटली दिसली की तू तोंड फिरवतेस म्हणे, आणि बाळाला तोच पाजतो.

मागे तुझ्या प्रयोगशाळेत तू मला चोचीचं एक मातीचं भांडं दाखवलं होतंस. हजारो वर्षांपूर्वीच्या एका घराच्या चुलीशी सापडलेलं. मातीत मुरलेल्या चरबीवरून तू ओळखलं होतंस, की त्यात जनावराचं दूध असायचं. “आई, चोच बघा ना! चोखून चोखून झिजलीय. किती जीव लावला असेल हो त्या पोराला!” तुझा चेहरा असा फुलला होता, जणू ते पोर तुझंच. घरी येऊन मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

त्या आईला दूध का आलं नाही, हे तू विचारलं नव्हतंस, सूनबाई.

मलाही आलं नव्हतं. तुझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. शेजारीण म्हणाली होती, “वरच्या दुधाच्या पोरांना आईचा लळा लागत नाही.” मला ते खरंच वाटलं. मग एका सकाळी हे मागच्या दारी आले. “लळा कुणाचा लावून घ्यायचा, ते पोर ठरवेल. शेजारीण कोण? धर.” पोर आणि बोंडलं माझ्या ओल्या हातांत देऊन चक्क दाढी करायला निघून गेले. अर्धं दूध माझ्या पदरावर सांडलं. पोर मात्र माझ्याकडेच टक लावून बघत होतं.

आज हे असते, तर तुझ्याकडे येऊनही दाढीलाच बसले असते. अजून कधीकधी वाटतं, आतून हाक मारतील.

तू येऊ नका म्हणालीस, ते मी वाचलं. दुसऱ्या दिवशी जाऊन शनिवारचं तिकीट काढलं.

तुझ्या नवऱ्याची, आणि तुझीही,
आई