सातवा खडा

९ सप्टेंबर २०१८, पोळा

बैलांचे पाय आज दीपानं धुतले. लोटा तिच्या हातात, ताट तिच्या हातात, आणि मी आत चुलीपाशी पुरणपोळ्या लाटत! नऊ वर्षं हे काम माझं होतं. तोरणाखालून बैल घरी आले की मी दारात उभी राहायचे आणि आमचा सर्जा माझा हात चाटायचा. आज तो माझ्या जावेला पाहून बिचकला. ताट सांडलं. मला बरं वाटलं — लिहूनच टाकते, कोण वाचतंय?

श्रावणला, माझ्या नवऱ्याला, जाऊन मागच्या आठवड्यात वर्ष झालं. तो होता तेव्हा त्याचं नाव कधी घेतलं नाही, आता लिहिते. फवारणी करून आला, ओकाऱ्या सुरू झाल्या, यवतमाळला दवाखान्यात तीन दिवस, आणि संपलं. तेव्हापासून माझा हात बैलांना चालत नाही, देवाला चालत नाही, नवरीच्या हळदीला चालत नाही. वखराला चालतो. शेण काढायला तर फारच चालतो.

सासूबाई — आत्याबाई म्हणते मी त्यांना — स्वतः विधवा. त्याच म्हणाल्या, "तू आतच राह्य वो. लोकं पाह्यते." स्वतःही आतच बसल्या होत्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होत्या.

१२ सप्टेंबर

कापसाची पऱ्हाटी खांद्याला लागली. एका झाडाला एकतीस बोंडं मोजली. खाली वाकून दुसऱ्या झाडाची मोजायला लागले आणि कंबर धरली. तरी मोजली.

१६ सप्टेंबर, रविवार

रवी — माझा दीर — सहकुटुंब "शेत पाहायला" आला! आर्णीला ऑटो चालवतो. शेतात येतो तो असाच, कपड्यांची घडी न मोडता. दीपा मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसली. डब्यात पोहे, वर शेव. माझी छकुली नाल्याच्या पाण्यात पाय सोडून खेकडे शोधत होती. ऊन पडलं होतं, पाऊस नुकताच उघडला होता, पळसाची पानं धुतल्यासारखी दिसत होती. असा दिवस श्रावणला फार आवडायचा. तो असता तर पोहे सोडून आधी नाल्यात उतरला असता.

"वयनी, पऱ्हाटी जबरदस्त हे या वर्षी!" रवी म्हणाला.

असायलाच पाहिजे. मागच्या वर्षी शेंदरी अळीनं बोंडं आतून खाल्ली. यंदा मी कृषी सहायकाच्या मागे लागून कामगंध सापळे आणले. नाव ऐकून गावातल्या बाया आठ दिवस हसत होत्या. हसा! रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजले. निंबोळ्या वेचल्या, कुटल्या, भिजवल्या आणि तो अर्क स्वतः फवारला, तोंडाला श्रावणचा दुपट्टा बांधून. विषाचा डबा या वावराच्या धुऱ्याच्या आत येऊ दिला नाही. रवीला यातलं काय माहीत? फोटो काढला त्यानं, दोघा नवराबायकोचा, मागे पऱ्हाटी. मी तण निंदत होते, मीही फोटोत आले. मोबाइलवर बोट फिरवून त्यानं मला कापून टाकलं. "आता बरा वाटते," म्हणाला. माझ्यासमोरच!

३ ऑक्टोबर

पहिलं बोंड फुटलं! नाल्याकडून चौथ्या ओळीत. कोणाला सांगू? सर्जाला सांगितलं.

आता सीतादहीची तयारी. वेचणीला हात लावायच्या आधी घरची बाई शेतात पूजा करते — पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, चार दिशांना चार घास टाकायचे. कापूस दह्यासारखा पांढरा निघावा म्हणून. मग सगळ्यांनी मोहाखाली बसून जेवायचं. बैलबंडीत बसून सगळं घर जातं त्या दिवशी. आमच्या घरात वर्षाची सहल म्हणावी अशी ही एकच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ही पूजा माझ्याकडे आली. त्याआधी चुलतसासू करायची. मी नवी, हिरवा चुडा, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला केवढा माज चढला होता! आत्याबाई तेव्हाही लांब, नाल्याकडच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं म्हातारी रुसली. दर वर्षी तसंच. मी कधी विचारलंसुद्धा नाही.

५ ऑक्टोबर

जेवताना आत्याबाईंनी जाहीर केलं. "कोजागिरी झाली का शुक्रवारी सीतादही. दीपाच्या हातून करू."

मी म्हटलं, "पेरली मी. निंदली मी. राखली मी."

"मंग? म्या नाई पेरली का कधी?"

भाकर तशीच टाकून उठले. छकुलीनं माझ्या ताटातली वांग्याची फोड उचलून खाल्ली, बस्स, एवढंच झालं. कोणी म्हटलं नाही की बस, जेव.

६ ऑक्टोबर

दीपा विचारते, "ताई, ते खडे पाच राह्यते का सात?"

आता हेही मीच शिकवायचं!

१२ ऑक्टोबर

नंदाबाईशी भांडण झालं. चांगलं कडाक्याचं, विहिरीवर, सगळ्यांसमोर.

नंदाबाई म्हणजे वेचणाऱ्या बायांची मुकादम. तिच्या टोळीत अठरा बाया. तिनं हो म्हटलं तर कापूस घरी, नाही म्हटलं तर झाडावर. मी तिला साधंच विचारलं होतं — सीतादही मी केली तर?

"करजो बाप्पा. पन मंग माह्या बाया तुह्या वावरात पाय नाई ठेवाच्या."

"काहून?"

"काहून म्हंजे? पहिलाच वेचा अन् विधवेच्या हातचा? बाया भेते."

"तुह्या टोळीत चार विधवा हायेत नंदाबाई. त्याईचा हात लागलेला कापूस कसा चालते?"

तिनं घागर डोक्यावर ठेवली. "वेचनं येगळं."

वेचणं वेगळं! म्हणजे काम करायला हात शुद्ध, मान घ्यायला अशुद्ध. त्या चौघींपैकी दोघी तिथंच पाणी भरत होत्या. त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचाच जास्त राग आला. मग स्वतःचाही आला, कारण नऊ वर्षांत मीही त्यांना कधी पूजेला जवळ बोलावलं नव्हतं. लांब उभ्या राहायच्या आणि मी त्यांच्या ओंजळीत वरून प्रसाद टाकायचे.

१८ ऑक्टोबर, दसरा

छकुलीनं मला सोनं दिलं. आत्याबाईंनी दिलं. बाकी घरं मी गेलेच नाही.

२४ ऑक्टोबर, कोजागिरी

भुलाबाई बोळवली. पोरी महिनाभर घरोघरी गाणी म्हणत होत्या, आज शेवट. आमच्या अंगणात वीस पोरी जमल्या. खाऊ ओळखायचा खेळ झाला. छकुलीनं डबा खुळखुळवून सगळ्यांना हरवलं. आत मी भाजलेले तुरीचे दाणे होते, कोणाला सुचेचना. फार हसल्या. मीही हसले. नंदाबाईची नात माझ्या मांडीवर येऊन बसली. पोरींना अजून माहीत नाही कोणाच्या मांडीवर बसावं आणि कोणाच्या नाही. होतील मोठ्या.

पऱ्हाटी फुटून पांढरी झाली आहे. गावातून दिसते.

२५ ऑक्टोबर

उद्यासाठी दही लावायचं काम माझ्याकडेच आलं. दीपाचं दही लागत नाही म्हणे. लावलं. मोठ्या गंजात, शेरभर दूध, ताकाचं विरजण.

ठरवलं आहे. उद्या उजाडताना सगळ्यांच्या आधी जाणार. माझं वावर, माझी पऱ्हाटी, माझं दही. नंदाबाईच्या बाया दहाला येतील तोवर माझं झालेलं असेल. कोणाला कळलं तर? कळलं तर टोळी परत जाईल, कापूस झाडावर राहील, पाऊस आला तर मातीत जाईल, आणि वर्षभर प्रत्येक जण म्हणेल की हिनंच घालवला. आत्याबाई सगळ्यांत आधी म्हणतील. माहीत आहे सगळं.

तरी जाणार.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले.

तांबडं फुटत होतं. वाटीत दहीभात, पदराखाली. दव इतकं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. रानडुकरांची भीती होती म्हणून खोकत खोकत गेले. मोहापाशी करता येत नव्हतं, तिथं दीपा करणार. म्हणून पार नाल्याकडच्या टोकाला गेले, तुरीच्या ओळीमागे, शेवटच्या पऱ्हाटीच्या बुडाशी. इथून रस्ता दिसत नाही.

आणि खडेच सापडेनात! काळ्या मातीत खडा कुठून मिळणार? दर वर्षी श्रावण खिशात घालून आणायचा, माझ्या ध्यानातच नाही. हातानं पाचोळा बाजूला केला तर पळसाच्या मुळाशी सापडले — गुळगुळीत, नाल्यातले, एका जागी. पुरात वाहून आले असतील. पिवळसर झाले होते. सहाच निघाले. सातवा शोध शोध शोधला. उजाडायला लागलं. सहा तर सहा! मांडले, हळद लावली, भात ठेवला. चार घास टाकले. काय मागायचं ते आठवेना. एक बोंड वेचलं आणि छातीशी धरून थोडा वेळ बसले. रडले. मग पळत घरी.

दहाला बंडी निघाली. दीपा हिरव्या साडीत, नवा चुडा, मांडीवर दह्याचा गंज. रवी फोटो काढत. छकुली बंडीच्या मागे पाय लोंबकळत. आत्याबाई एका कोपऱ्यात, कनवटीला त्यांची पानसुपारीची चंची. मी बैलांसोबत चालत. नंदाबाईच्या बाया धुऱ्यावर, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओट्या बांधून तयार होत्या.

दीपानं सगळं नीट केलं. शिकवलं कोणी! घास टाकताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं — बरोबर ना, अशा अर्थानं. मी मान हलवली. तिचाही राग धरून ठेवता येईना, आणि ते मला जास्तच लागलं.

एवढ्यात आत्याबाई उठल्या आणि नेहमीसारख्या नाल्याकडे चालायला लागल्या. नऊ वर्षं त्या तिकडेच जाऊन बसतात, हे मला काल आठवू नये? तुरीच्या मागे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आता येतील आणि सगळ्यांसमोर बोलतील — हातात भाजीचं पातेलं होतं, ते खाली ठेवलं.

आल्या. हळूहळू, गुडघ्यावर हात देत. माझ्याजवळून गेल्या. मोहाखाली बसल्या. म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी हाय."

बाया वेचायला उतरल्या. दुपारी नंदाबाई ओटी रिकामी करताना म्हणाली, "पाह्य, दीपाच्या हाताले गुन हाय. असा पांढरा कापूस चार वर्सांत नाई पाह्यला."

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार! ओटी भरत राहिले. हाताला बोंडाची टोकं टोचत होती, रक्त आलं, ते कापसाला लागू नये म्हणून पदराला पुसलं.

आत्याबाई घरी आल्यावरही काही बोलल्या नाहीत. मुद्दाम छळतात. सांगणार असतील तर एकदाचं सांगून टाकावं.

२७ ऑक्टोबर

सकाळी चुलीपाशी दोघीच होतो. आत्याबाईंनी चंची सोडली. सुपारीखालून एक खडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. गुळगुळीत, नाल्यातला. हळदीनं पिवळा झालेला.

"सातवा हा. एक मी संगं ठेवत असतो वर्सभर. काल ठेवाले गेली तं तू करून गेलती." मग म्हणाल्या, "बावीस वर्सं झाले. तुहे मामंजी गेल्यापासून."

बावीस वर्षं! मग एकदम संताप आला. "मंग मले काहून अडवलं?"

त्या भाकर थापत होत्या. वर पाहिलंसुद्धा नाही.

"तू अडली का?"