सुतकात कोरडा पडलेला स्लॅब

प्रिय मामा,

उद्या तुझी तेरवी. खाली आचारी चूल खोदून राहिलाय आणि मी तुझ्या नव्या स्लॅबवर बसून हे लिहून राहिलो. खाली बसवत नाही. शिसारी येते मला त्या सगळ्यांची!

स्लॅब ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी तूच वर मातीची आळी घालून पाणी भरलंस. तिसऱ्या सकाळी हातातली चहाची बशी तशीच ठेवून गेलास. निम्म्या मुदखेडाची घरं बांधणाऱ्या मिस्त्रीच्या घराला एकच दिवस पाणी?

तुझी राख सावडून आल्यावर मी पाइप उचलला. थोरले मामा ओरडले, "ठिव खाली! सुतकात बांधकामाला हात लावत नसतेत."

"मामा, निस्तं पाणी मारायचंय."

"अर्धं कालेज शिकून आम्हाला अक्कल सांगू नको!"

सगळे हसले. राख सावडून आलेली माणसं हसली!

आठवतं? तू विचारायचास, "कालेजात काय सांगतेत रे?" मी म्हणायचो, सात दिवस तरी ओलं ठेवायचं, पुरती ताकद अठ्ठावीस दिवसांनी. तू हसायचास, "मंग मी न शिकताच इंजिनेर की! सिमिट वाळून घट्ट होत नसती बाबा, पाणी पिऊन होती."

पण सगळ्यात जास्त किळस मला माझीच येते. भांडून वर चढायचं, तर मी औशाची बस धरली! जिच्यावर माझा जीव, त्या स्वातीला बघायला तिथं पाहुणे येणार होते. तिच्यापायी विष्णुपुरीचं कॉलेज सोडलं, तिच्यापायीच तुझं छत. पाच दिवस तिच्या गल्लीत चकरा मारल्या. ती दारातसुद्धा आली नाही.

परत आलो तर स्लॅब पांढराफटक आणि कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी चीर. चार दिवस झाले, थोरल्या मामांच्या शिव्या खात पोती अंथरून पाणी देतोय. सुकून गेलेले दिवस भरून निघत नाहीत, हे मलाही कळतं. तू असतास तर थोबाडीत दिली असतीस. द्यायला तरी थांबायचंस ना!

आता थोरल्या मामांचं नवीनच. "सकाळी टेकू काढा, सावलीत पंगत बसवू." या स्लॅबखाली? मामी आणि पोरी वाढत असताना?

मामा, शब्द देतो. सकाळी मधल्या टेकूला पाठ लावून उभा राहीन. शिव्या देऊ देत, मारू देत, औशाहून तिचा फोन येऊ दे. अठ्ठावीस दिवस पुरे होईपर्यंत एकही टेकू हलणार नाही. तुझ्या तेरवीचं जेवण मी उभ्यानंच जेवीन.

तुझा अर्धवट इंजिनेर,
गजू