ताकाविना आंबील

३१ डिसें. १९७२, बेंबळी
दुष्काळामुळं सकाळी दूध सोसायटीत कॅन निम्मासुद्धा भरला नाही. आपल्या म्हशीचं दूध सगळ्यांच्या आधी ओतलं. सोसायटीचा सेक्रेटरी मी; मीच घरी दूध मागं ठेवायला लागलो तर गावाला कुठल्या तोंडानं सांगायचं? आईला हे पटत नाही. येळवस, शेतातल्या पूजेची अवस, तोंडावर आली आणि आंबिलीला घरात ताकाचा थेंब नाही.
"गावाचं दूध मोजतूस आन् शेतातल्या लक्ष्मीला पाण्याची आंबील दावतूस व्हय?"
आईपुढं लॅक्टोमीटर चालत नाही.

१ जाने. १९७३
आईनं जाहीर केलं, औंदा आंबील करणार नाही. आंबिलीचं मातीचं बिंदगं माळ्यावर पालथं घातलं. ते तिनं आजवर कुणाच्या हाती दिलेलं नाही.
माझी बायको सुशीला म्हणाली, "मी करते की, आत्याबाई."
"तुमच्या भूमकडं येळवस करत्यात तरी का?"
खरंच आहे, हिच्या माहेरी हा सण नाही. लग्नानंतर दोन येळवशी झाल्या, दोन्ही वेळा शेंगा सोलण्यापलीकडं हिला हात लावू दिला नाही. आज मात्र बायको हटली नाही. आंबटपणा दुसरीकडून आणीन म्हणाली. कुठून, ते सांगेना. मला हिचा हट्ट लई आवडतो. तिला सांगत नाही, डोक्यावर बसेल.

२ जाने.
कुठून ते कळलं. बांधावरची बोर! ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, पण ही बया लगडली आहे. सु.नं ओटीभर बोरं आणली, कुस्करली, बिया काढल्या. रेशनच्या लाल मिलोचं, म्हणजे परदेशी ज्वारीचं, पीठ शिजवून त्यात कालवली. ओवा, मीठ, गुळाचा खडा. बिंदगं मिळालं नाहीच. जुन्या घागरीत भरून तोंडाला फडकं बांधलं. आई लांबून बघत होती, म्हणजे बघत नसल्यासारखं करत होती.

३ जाने.
फडकं फुगलंय. मी बोट घालायला गेलो तर सु.नं फटका दिला. पूजेआधी चाखायची नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही, नैवेद्य उष्टा होतो. नियम आईचा, पाळणार ही. मग घागरीला कान लावून बसली.
"बोलतीया ओ."
मीही कान लावला. आत बारीक फसफस.
"नासली असली तर? चारचौघांत नाक कापलं जाईल माझं. आत्याबाई जन्मभर उणं काढत्याल."
नासत नाही म्हणालो. माझी तरी कुठं खात्री होती.

४ जाने. येळवस
औंदा शेतात पूजेला कडब्याची खोप नाही. कडबा जनावरांनाच पुरेना. चार काठ्यांवर आईचं जुनं लुगडं ताणलं. पाच पांडवांच्या दगडांना चुना लावून पूजा केली. नाना, म्हणजे माझे चुलते, आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आले. वाळल्या ज्वारीलाही शिंपडली.
मग वाढप. सगळे आईच्या तोंडाकडं बघायला लागले. सु. पदर पिळत उभी. आईनं वाटी तोंडाला लावली, थांबली.
"ही आंबील न्हाय."
सु.चं तोंड एवढंसं झालं. मला आईचा रागच आला.
आणि आईनं वाटी रिकामी करून पुढं केली. "बघतीस काय? वाढ की."
आंबट, मागनं गोड, जिभेला बारीक चिमटे. असली आंबील जन्मात प्यालो नव्हतो. नाना म्हणाले, "वैनी, ही चढतीया की वं!" आणि तिथंच आडवे झाले. आईनं पुन्हा वाटी पुढं केली आणि लुगड्याच्या सावलीत घोरायला लागली. चांगली म्हणाली नाही ती नाहीच.

६ जाने.
शेजारची गंगूबाई आली होती. लुगड्याखालच्या घोरण्याची बातमी गावभर झालेली.
"कशी केलती वं आंबील?"
आई ऐटीत, "ताक काय, कुणी बी घालतंय. आमच्या घरात बोरं घालत्यात."
आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.
गंगूबाई गेल्यावर सु. चुलीपाशी हळूच म्हणाली, "आमच्या घरात म्हनल्या नव्हं?"
व्हय, म्हणालो. पिठाच्या हातानं डोळे पुसत होती वेडी.

८ जाने.
सोसायटीतून आलो तर बिंदगं माळ्यावरून खाली आलेलं. आईनं धुऊन अंगणात उन्हाला ठेवलंय. येळवशीला आता वर्ष आहे. कुणासाठी काढलं, हे विचारायची माझी छाती नाही. सु. येता-जाता त्याच्याकडं बघते, हात लावत नाही.