न्हाणीघरातली कडी

ती. बेयाताईस,
महदियाहून धाकट्या मोंजीचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत, लिंबाला बहर आला का, आणि भावोजी (शिव्या न देता) माझं नाव घेतात का, ते कळव. इकडे सगळं ठीक. आईला मात्र आता शेजारच्या मशिदीची बांगही ऐकू येत नाही. नमाजाची वेळ झाली की आम्ही खांद्याला हात लावून सांगतो.

निवृत्त झाल्यापासून घरातली कामं मीच करतो. (दोन वर्षांपूर्वी ईदच्या जेवणात भावोजींसारख्या नावाजलेल्या प्लंबरला ‘सरळ खिळा ठोकता येत नाही’ म्हणालो, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं आमचा उंबरा चढला नाहीत. मग बोलावणार कुणाला?) जुने पाइप वाकवून खुंट्या केल्या आणि दारातल्या बोळात लावल्या. खुंट्या भक्कम होत्या, भिंत नव्हती. तुझ्या भावजयीच्या, सलवाच्या, मामांचा कोट, खुंट्या आणि हातभर गिलावा एकदमच मामांच्या पायावर आले. सलवा म्हणाली, "आता न्हाणीघराला हात लावू नका, तेवढी एकच खोली शाबूत आहे." म्हणून मी न्हाणीघरात गेलो.

टॉवेलसाठी कडी हवी होती. दारावरची मोठी, पुरुष पाहुण्यांनी वाजवायची कडी काढली असती तर गल्ली बोलली असती. बायकांनी वाजवायची लहान, बारीक आवाजाची कडी मात्र विजेची घंटी आल्यापासून तुझ्याशिवाय कुणी वाजवत नव्हतं, आणि तू तर येत नाहीस. तीच काढून टॉवेलपाशी बसवली. सुरेख बसली.

दुपारी नमाजाचा वजू करून, हातपाय पुसायला मी टॉवेल ओढला, कडी खणकली, आणि अंगणात वाटाणे सोलणारी आई उठली. डोक्यावरची ओढणी सारखी केली, भिंत धरत गेली, दार उघडून उभी राहिली. "बेया आली," म्हणाली. मग रिकाम्या गल्लीकडे बघत, "गेली वाटतं पुढे. येईल." आमच्या घरी पाच वेळा वजू होतो, ताई. उजाडेपर्यंत आई पाच वेळा दाराशी गेली. दुसऱ्या दिवशी मी पुरुषांची कडी हातोडीने बडवली. शेजारी धावत आले, आईने मान वर केली नाही. न्हाणीघरातली नुसती बोटाने हलवली, तर ती चप्पल शोधायला लागली. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिलो. साठ वर्षं त्या बाईचा मुलगा आहे मी, आणि तिच्या कानात काय जपून ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं. थक्क झालो, आणि लाजही वाटली.

तुझा,
मोंजी

ता. क. कडी परत दारावर बसवली आहे (सलवा म्हणते, उलटी). दुसऱ्या कुणी वाजवू नये म्हणून फडकं बांधून ठेवलंय.

पुन्हा ता. क. ती काढताना न्हाणीघरातला पाइप फुटला. चार दिवस शेजाऱ्यांकडे अंघोळी चालल्या आहेत. भावोजींना हत्यारांसकट आण. खिळ्याबद्दल मी त्यांची चारचौघांत माफी मागेन.

आणखी एक. आई विचारते आहे, कुणाला लिहितोस. तीनदा ओरडून तुझं नाव सांगितलं. तिला ऐकू येत नाही. तेव्हा तूच येऊन सांग.