माउसला हात न लावणारा माणूस

२ फेब्रुवारी १९९९, विटा
संकल्प. आजपासून माउसला हात लावायचा नाही. टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्यानं कीबोर्डवरून हात उचलणं म्हणजे पैलवानानं आखाड्यात खुर्ची मागणं. इंटरनेटवर मागच्या पानावर जायचं? ऑल्ट आणि डावा बाण. बास. सगळे शॉर्टकट पाठ. माउस कपाटात, कपाटाला कुलूप.

४ फेब्रुवारी
मेहुणा जयराज मिरजेहून आला. त्याच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी इंटरनेट घेतलंय, चालवायला माणूस पाहिजे. कायमची नोकरी. म्हणाला, "दाजी, तुमचंच नाव सांगितलंय." आता टाइपरायटर शिकायला कोण येतंय? ही नोकरी पाहिजेच. म्हणजे, त्यांनाच मी पाहिजे. गल्लीत सांगून टाकलं. इन्स्टिट्यूटची पाटीही उतरवली: 'बटणांकडे न बघता टायपिंग शिका.'

८ फेब्रुवारी
उद्या मिरजेला बायकोला, संयोगिताला, सोबत नेतोय. टायपिंग तीही पास आहे, पण ती नुसती उभी राहील. कौतुक बघायला घरचं माणूस पाहिजे.

९ फेब्रुवारी, मिरज
दगा! कॉम्प्युटर निळा, भोपळ्यासारखा गोल. मॅकिंटॉश म्हणे, डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेला. जयराज एका शब्दानं बोलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मागच्या पानावर नातवाचा फोटो आहे, आमच्या आईला दाखवा. मी आधी माउस बाजूला सारला. ऑल्ट, डावा बाण. पान हलेना. पुन्हा दाबलं, जोरात. ढिम्म. आणि बटणावर ऑल्ट लिहिलेलं! लिहून फसवतात. म्हातारी चष्मा पुसत उभी. एवढ्यात संयोगितानं हात घातला, माउस ओढला, टक् केलं. नातू हजर. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, उद्यापासून याल?" माझ्याकडं न बघता ही म्हणाली, "व्हय."
लग्नाची बायको, आणि माउस!

१३ फेब्रुवारी, विटा
ती रोज सकाळच्या एसटीनं जाते. मी बोलणं टाकलंय. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१५ फेब्रुवारी
शेवटी विचारलंच. त्या परक्या यंत्रातला शॉर्टकट तुला कुणी शिकवला? जयराजनंच ना?
म्हणाली, "आवं, कसला शॉर्टकट? वर मोठ्या अक्षरात बॅक लिवलंय की. तुमी खाली बटणांकडंच बघत बसला."
संध्याकाळी पाटी परत लावली. पहिले तीन शब्द खोडून.